प्रोटीनचा घनता-मॅप सपाट कसा पाहावा: नवख्यांसाठी पायरीपायरीने

प्रोटीनच्या स्फटिकात कुठे किती इलेक्ट्रॉन आहेत याचा बिंदूबिंदूने भरलेला त्रिमितीय नकाशा म्हणजे घनता-मॅप; त्या बिंदूंच्या मांडणीला ग्रिड म्हणतात. मॉडेल बांधायच्या, म्हणजे मॅपमध्ये अणू बसवायच्या, प्रोग्रॅममध्ये निळी जाळी फिरवून पाहिली की जवळपास कुठलाही मॅप देखणा वाटतो. जाळी घनतेच्या एकाच पातळीवर ओढलेली असते. त्या पातळीखाली काय चालले आहे, द्रावकाच्या (प्रोटीनभोवतीच्या पाण्याच्या) भागात किती गोंगाट आहे, सेलच्या (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या पेटीच्या) कडेला पट्टे उमटलेत का, यातले काहीच ती दाखवत नाही. सपाट चित्रात ही लपवाछपवी चालत नाही, कारण प्रत्येक बिंदूची किंमत रंगात उतरते. म्हणून नवा मॅप हाती आला की आधी तो सपाट पाहावा आणि मगच जाळीकडे वळावे, असे माझे मत आहे. मॉडेल बांधायला सपाट चित्र कामाचे नाही. मॅपवर विश्वास किती ठेवायचा, हे ठरवायला मात्र त्याच्यासारखे साधन नाही.

सपाट म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. ग्रिडचा एकच थर उचलून पाहिला तर तो काप. एका दिशेतले सगळे थर एकमेकांत मिळवले तर तो प्रक्षेप. या दोहोंच्या मध्ये आहे जाड काप, म्हणजे ३ ते ५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) जाडीचे थर मिळवून केलेले चित्र. रोजच्या कामात सर्वांत जास्त उपयोग होतो तो याचाच.

पूर्ण प्रक्षेपाबद्दल सावध करायला हवे, कारण नवखे तिथूनच सुरुवात करतात. प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राचीही सुरुवात तिथूनच झाली होती. १९५४ साली ब्रॅग आणि पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनचा प्रक्षेप काढला. प्रक्षेप निवडण्याला कारण होते: दोन-पट अक्षाच्या (अर्धी फेरी दिली की रचना तशीच दिसते अशा अक्षाच्या) दिशेने पाहिले की त्या प्रक्षेपापुरत्या फेज (विवर्तनाच्या लहरींचे टप्पे, जे थेट मोजता येत नाहीत) फक्त ० किंवा १८० अंश उरतात, म्हणजे प्रश्न फक्त अधिक की उणे एवढाच. चित्र मिळाले, पण त्यातून रेणूचा अर्थ लावता येईना, कारण एवढ्या जाड रेणूतले सगळे अणू एकमेकांवर पडलेले होते. याच्या उलट उदाहरण १९७५ मधले, हेंडरसन आणि अन्विन यांच्या बॅक्टेरियोऱ्होडॉप्सिन या पेशीपटलातल्या प्रथिनाचे. तिथे रेणूचा थर एकच आणि हेलिक्स (प्रथिनसाखळीची मळसूत्री वेटोळी) पटलातून आरपार गेलेले. त्यामुळे जवळजवळ उभे असलेले हेलिक्स प्रक्षेपात गोल, ठळक ठिपके होऊन दिसतात आणि कललेले पसरट होतात. पूर्ण प्रक्षेप कामाला येतो तो अशाच ठिकाणी: थर पातळ हवा आणि रचना पाहण्याच्या दिशेशी जुळलेली हवी.

मॅप मिळवणे आणि हेडर वाचणे

सरावाला चतुष्कोणी स्फटिकातले लायसोझाइम घ्या. प्रोटीन डेटा बँकेत त्याच्या ढीगभर नोंदी आहेत. सेल सुमारे ७९ × ७९ × ३८ अँगस्ट्रॉम, तिन्ही कोन ९० अंश, स्पेस ग्रुप (स्फटिकाच्या सममितीचा प्रकार) पी ४(३)२(१)२. ज्या नोंदीसोबत विवर्तनाची मापने जमा केलेली आहेत आणि रिझोल्यूशन (किती बारीक तपशील दिसतो ते) १.३ ते १.५ अँगस्ट्रॉमच्या आसपास आहे अशी एक निवडा. युरोपातली पीडीबीई अशा नोंदींसाठी तयार मॅप देते: एक नेहमीचा, २एमएफओ-डीएफसी, आणि दुसरा फरकाचा, एमएफओ-डीएफसी, म्हणजे मोजलेले आणि मॉडेलवरून काढलेले यांतला फरक. दोन्ही सीसीपी४ (स्फटिकशास्त्राचा एक सॉफ्टवेअर-संच) फॉरमॅटमध्ये असतात. तुमच्याकडे एमटीझेड (विवर्तनाचे आकडे ठेवणारी) फाइल असेल तर जेमी नावाच्या मोफत संचातली रूपांतराची आज्ञा त्यातून मॅप काढून देते. साधी चालवली तर नेहमीचा मॅप मिळतो, फरकाचा पर्याय जोडला तर दुसरा.

फाइल उघडण्याआधी तिचे हेडर वाचा. ही पायरी टाळल्यामुळेच नंतरच्या निम्म्या भानगडी होतात. सीसीपी४ फाइलच्या सुरुवातीला १०२४ बाइटचे हेडर असते. त्यातले पहिले तीन आकडे स्तंभ, ओळी आणि थर किती ते सांगतात. चौथा आकडा डेटाचा प्रकार. तिथे २ असेल तर प्रत्येक बिंदू ४ बाइटचा दशांश आकडा आहे. पाचवा ते सातवा आकडा म्हणजे ग्रिड कुठून सुरू होते ते. आठवा ते दहावा, पूर्ण सेलचे किती भाग केलेत ते. त्यानंतर सेलच्या तीन बाजू (ए, बी, सी) आणि तीन कोन (अल्फा, बीटा, गॅमा). मग येतात सतरा ते एकोणीस क्रमांकाचे आकडे, म्हणजे स्तंभ, ओळ आणि थर यांपैकी कोण ए अक्षावर, कोण बी वर आणि कोण सी वर. यांना अजिबात गृहीत धरू नका. स्फटिकांच्या मॅपमध्ये १, २, ३ या क्रमाऐवजी २, १, ३ किंवा ३, १, २ सर्रास सापडते.

हेडर नीट वाचले की नाही, हे फाइलच्या आकारावरून तपासता येते. समजा ग्रिड १८० × १८० × ८४ आहे आणि फाइलमध्ये पूर्ण सेल आहे. गुणाकार केला की २७,२१,६०० बिंदू, चारने गुणले की १,०८,८६,४०० बाइट. त्यात हेडरचे १०२४ मिळवा. शिवाय सममितीच्या ओळी, प्रत्येकी ८० बाइटच्या. या स्पेस ग्रुपच्या आठ, म्हणजे ६४०. बेरीज १,०८,८८,०६४. फाइल बरोबर एवढीच असेल तर निर्धास्त व्हा. बरीच लहान असेल तर तिच्यात फक्त असममित भाग (सममिती लावली की ज्यापासून पूर्ण सेल भरतो तो तुकडा) असण्याची शक्यता जास्त. तो तसाच चित्रात काढला की रेणू मधोमध कापलेला दिसतो आणि नवखा माणूस मॅपलाच दोष देतो. जेमीच्या पायथन भागात मॅप वाचून झाल्यावर सेटअप नावाची एक पायरी आहे. ती सममिती लावून पूर्ण सेल भरते आणि अक्षांचा क्रमही सरळ करते. ही पायरी चालवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

झटपट पाहणी

पहिल्या नजरेसाठी आयमॉड संचातला थ्रीडीमॉड मला सर्वांत सोयीचा वाटतो. फाइल उघडली की एक थर करड्या छटांत समोर येतो. पेज अप आणि पेज डाउन दाबत वरखाली जायचे. त्याची स्लायसर खिडकी हवा तसा तिरका काप देते, आणि तिथे जाडीचा आकडा वाढवला की तेवढे थर मिसळून दाखवते. फक्त एक ध्यानात असू द्या. हा प्रोग्रॅम टोमोग्राफीसाठी (वेगवेगळ्या कोनांतल्या प्रतिमांवरून त्रिमितीय चित्र बांधण्यासाठी) घडलेला आहे. तो ग्रिडचे बिंदू चौकोनी ठिपके म्हणून मांडतो. सेलचे कोन ९० अंशांचे नसतील तर चित्र वाकडे आहे असे समजूनच पाहायचे.

कायमेराएक्स इथे उजवा ठरतो, कारण तो तिरका सेल तिरकाच दाखवतो. मॅप उघडल्यावर व्हॉल्यूम व्ह्यूअरमध्ये शैली पृष्ठभागावरून प्रतिमेवर आणा, मग प्लेन्स निवडून एकेक थर सरकवा. ऑर्थोप्लेन्सचा पर्याय तिन्ही दिशांचे काप एकाच वेळी उभे करतो; सममिती पाहायला तो फार छान. अधिकतम तीव्रतेचा प्रक्षेपही इथे मिळतो. आणि कॅमेरा ऑर्थोग्राफिक करायला विसरू नका. परस्पेक्टिव्ह चालू असेल तर मागचे लहान आणि पुढचे मोठे दिसते, मग अंतर मोजण्यात काही अर्थ उरत नाही. पायमॉलमध्येही मॅपचा स्लाइस काढायची आज्ञा आहे. मॉडेल आणि काप एकाच चित्रात छापायचे असतील तर ती बरी. सीसीपी४ मधला मॅपस्लायसर जुना आहे, पण कंटूर रेषांचे काप काढणे एवढेच त्याचे काम आणि ते तो नेटके करतो.

आता लायसोझाइमचा मॅप सी अक्षाच्या दिशेने पूर्ण बेरीज करून पाहा. अणू ओळखू येणार नाहीत, सेलमधले आठ रेणू एकमेकांवर चढलेले असतील. पण सममिती मात्र ठसठशीत दिसेल. स्क्रू अक्षाच्याच (ज्यात फिरण्याबरोबर अक्षाच्या दिशेने सरकणेही असते) दिशेने पाहिले की त्याची सरक चित्रातून गळून जाते आणि उरते फक्त फिरणे. म्हणून ४(३) अक्ष इथे साधा चार-पट अक्ष होतो. तो शोधायला बहुतेकजण सेलच्या कोपऱ्याकडे पाहतात आणि तिथे तो सापडत नाही. या स्पेस ग्रुपमध्ये कोपऱ्यावर आणि सेलच्या केंद्रावर फक्त अर्ध्या फेरीची सममिती आहे. चार-पट अक्ष कडांच्या मध्यावर बसतो, म्हणजे एक्स ०, वाय अर्धा, किंवा त्याउलट. कडेच्या मध्यावर चार पाकळ्या दिसल्या तर मॅप नीट वाचला गेला आहे. दुसरीकडेच कुठे दिसल्या तर ग्रिडच्या सुरुवातीचे आकडे विसरलात.

जाड काप स्वतः काढणे

तयार प्रोग्रॅम लवकरच अपुरे पडतात. पायथनमध्ये हे दहा-पंधरा ओळींचे काम आहे: जेमीने मॅप वाचा, सेटअप चालवा, ग्रिड नमपाय या आकडेमोडीच्या संचाच्या रचनेत घ्या, हवे ते थर निवडून बेरीज करा आणि मॅटप्लॉटलिब या चित्रे काढायच्या संचाने काढा. वरच्या ग्रिडमध्ये सी दिशेला दोन थरांतले अंतर ३८ भागिले ८४, म्हणजे सुमारे ०.४५ अँगस्ट्रॉम. चार अँगस्ट्रॉमच्या कापाला नऊ थर लागतील. बेरजेला या अंतराने गुणले की प्रति घन अँगस्ट्रॉमचे इलेक्ट्रॉन प्रति चौरस अँगस्ट्रॉममध्ये येतात, आणि वेगवेगळ्या ग्रिडच्या मॅपची तुलना करता येते. नुसती सरासरी घेतली तरी चालेल, पण कुठले केले ते लिहून ठेवा.

जाडी किती घ्यावी? बीटा पत्र्यातल्या शेजारच्या पट्ट्या सुमारे ४.८ अँगस्ट्रॉमवर असतात आणि शेजारचे हेलिक्स साधारण १० वर. म्हणून ३ ते ५ अँगस्ट्रॉममध्ये एकच पट्टी किंवा हेलिक्सचा एक भाग सुटा दिसतो. १० च्या वर गेलात की एकावर एक चढायला सुरुवात होते. हेलिक्सच्या अक्षालगत उभा काप घेतला तर वळणे ५.४ अँगस्ट्रॉमच्या अंतराने मोजता येतात. मोजपट्टी बरोबर लागली आहे का, हे पाहायला ही झकास चाचणी आहे.

चित्र काढताना तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले ठिकाण: मॅटप्लॉटलिबची प्रतिमा काढणारी आज्ञा रचनेचा पहिला क्रमांक वरून खाली मांडते आणि सुरुवातबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात धरते. रचना उलटापालट करून सुरुवातबिंदू खाली आणला नाही तर चित्र फिरते किंवा आरशातले होते. दुसरे: ए आणि बी दिशांचे ग्रिड-अंतर वेगळे असेल तर चित्र एका बाजूने ताणले जाते. तिसरे, आणि सर्वांत त्रासदायक: तिरके सेल. यासाठी प्रतिमेची आज्ञा सोडून चौकटींची जाळी रंगवणारी आज्ञा वापरा आणि प्रत्येक बिंदूचे खरे स्थान स्वतः द्या. सी च्या दिशेने पाहिलेल्या षट्कोणी सेलसाठी आडवे स्थान म्हणजे ए दिशेचे अंतर अधिक बी दिशेच्या अंतराला गॅमाच्या (ए आणि बी मधल्या कोनाच्या) कोसाइनने गुणून. उभे स्थान म्हणजे बी दिशेचे अंतर गुणिले गॅमाचा साइन.

मोनोक्लिनिक सेलमध्ये (ज्यात फक्त ए आणि सी मधला कोन, बीटा, काटकोन नसतो) आणखी एक गाठ आहे. स्पर्म व्हेलच्या मायोग्लोबिनचा नेहमीचा पी २(१) सेल घ्या: ए सुमारे ६४.६, बी ३१.१, सी ३४.८ अँगस्ट्रॉम आणि बीटा सुमारे १०५.५ अंश. बी च्या दिशेने प्रक्षेप काढला तर अडचण नाही, कारण बी हा ए आणि सी दोघांनाही लंब आहे. पण सी च्या दिशेने थर मिळवलेत तर सी ए ला लंब नाही. त्या दिशेने पाहताना ए ची बाजू ६४.६ ऐवजी ६४.६ गुणिले साइन बीटा, म्हणजे सुमारे ६२.२ अँगस्ट्रॉमच दिसायला हवी. हे केले नाही तर चित्र दिसायला ठीक वाटते आणि अंतरे साडेतीन टक्क्यांनी चुकतात. अशी चूक पकडणे अवघड, कारण डोळ्याला काही खटकत नाही.

कुठल्या बाजूने पाहतो आहोत याचा एक साधा नियम आहे. सी समोरून पाहताना ए उजवीकडे आणि बी वर. ए समोरून पाहताना बी उजवीकडे, सी वर. बी समोरून पाहताना सी उजवीकडे आणि ए वर. हा तिसरा क्रम विसरून सवयीने ए उजवीकडे ठेवला की तुम्ही मागून पाहता, पण समोरून पाहतो असे समजता. हेलिक्स उजव्या हाताचा की डाव्या, हे एका प्रक्षेपावरून ठरवायला कधीच जाऊ नका. पुढून आणि मागून काढलेले प्रक्षेप एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, म्हणजे ती माहिती चित्रात नसतेच.

सगळे जमले की नाही हे मॉडेल चढवून पाहायचे. काढलेल्या जाडीत जे अणू पडतात तेवढेच घ्या, त्यांना त्याच गणिताने सपाट करा आणि ठिपके टाका. लायसोझाइममध्ये गंधकाचे दहा अणू आहेत: चार डायसल्फाइड बंधांतले आठ आणि दोन मेथिओनीनचे. त्यांच्यापैकी नीट बसलेले अणू घनतेच्या सर्वांत उंच शिखरांत असायला हवेत. डायसल्फाइडमधले दोन गंधक २.०५ अँगस्ट्रॉमवर असतात, १.३ अँगस्ट्रॉमच्या मॅपमध्ये बंध कापाच्या पातळीत आडवा असेल तर दोन वेगळी शिखरे दिसतात. ठिपके शिखरांवर बसले तर अक्ष, सुरुवात, प्रमाण सगळे बरोबर आहे. सगळे ठिपके सारखेच सरकलेले असतील तर सुरुवातीचे आकडे पाहा. रांगोळीसारखे भलतीकडेच विखुरले असतील तर अक्षांचा क्रम पाहा.

रंग आणि पातळ्या

नेहमीच्या मॅपसाठी साधे करडे पुरेसे. इंद्रधनुष्यी रंग वापरू नका. त्यात नसलेल्या कडा दिसतात. फरकाच्या मॅपला मात्र दोन टोकांचे रंग हवेत, शून्य बरोबर मध्ये पांढरे, आणि दोन्ही बाजूंची मर्यादा सारखी. कंटूर ओढत असाल तर धन रेषा सलग आणि ऋण तुटक, हा जुना संकेत पाळा.

पातळ्या सिग्मात सांगायची पद्धत आहे: नेहमीचा मॅप १ ते १.५ सिग्मा, फरकाचा अधिक-उणे ३. हा सिग्मा म्हणजे मॅपमधल्या चुकीचे माप नव्हे. तो सगळ्या बिंदूंच्या सरासरीभोवतीचा प्रमाण विचलनाचा आकडा आहे, आणि सेलमध्ये द्रावक किती यावरही तो बदलतो. जाड कापाला तर हेडरमधला सिग्मा लागूच पडत नाही, कारण थर मिळवल्यावर चढउतार वेगळे होतात. कापाचा सिग्मा कापावरूनच काढा. आणखी एक: मॅप बनवताना शून्याव्या पदाची (सेलमधल्या एकूण इलेक्ट्रॉनांची) किंमत सहसा घेतलेली नसते, त्यामुळे पूर्ण सेलची सरासरी शून्य येते आणि द्रावक उणे दिसतो. तिथे ऋण इलेक्ट्रॉन नाहीत.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते पाहा. रंगाची मर्यादा खाली ओढा, इतकी की प्रोटीन पांढरेफटक होईल आणि द्रावकातले बारकावे दिसतील. चांगल्या मॅपमध्ये प्रोटीन आणि द्रावक यांची सीमा डोळ्याला सहज कळते. द्रावक अगदी गुळगुळीत असेल तर खूश होण्याआधी विचारा, घनता-सुधारणेच्या प्रोग्रॅमने तो सपाट केला आहे का. एकाच दिशेने लांबलेल्या रेघा दिसल्या तर त्या दिशेची मापने कमी पडलीत किंवा विवर्तन दिशेनुसार असमान आहे. जड धातूभोवती तरंगांची कडी दिसली तर ती फूरिये मालिका (ज्या लहरींच्या बेरजेतून मॅप बनतो ती) मध्येच तोडल्याची खूण. त्या कड्यात पाण्याचे रेणू बसवू नका. जाळीत यातले एकही लक्षण सहज दिसत नाही.

धातू शोधायचा असेल तर बेरजेऐवजी अधिकतम तीव्रतेचा प्रक्षेप घ्या. हीममधले लोह किंवा जस्त त्यात लगेच उठून दिसते. बाकी कशासाठी हा प्रक्षेप मी वापरत नाही. तो प्रत्येक रेषेवरचे सर्वांत मोठे मूल्य तेवढे ठेवतो आणि गोंगाटालाही तितक्याच मानाने पुढे आणतो.

पॅटरसन आणि क्रायो-ईएम

सपाट कापाला आजही पर्याय नाही अशी एक जागा म्हणजे पॅटरसन मॅपचे (अणूंच्या जागांऐवजी अणूंमधले सदिश दाखवणाऱ्या मॅपचे) हार्कर काप. जड अणूंच्या सममितीजोड्यांमधले सदिश ठरावीक पातळीवरच पडतात. पी २(१) मध्ये व्ही अर्धा (यू, व्ही, डब्ल्यू हे या मॅपमधले ए, बी, सी दिशांचे निर्देशांक). पी २(१)२(१)२(१) मध्ये यू, व्ही आणि डब्ल्यू या तिन्हींचे अर्ध्यावरचे काप. तेवढेच थर काढा, कंटूर ओढा आणि तिन्ही कापांतली शिखरे एकमेकांशी जुळतात का पाहा. सुरुवातबिंदूचे अजस्र शिखर रंगाची मर्यादा खाऊन टाकते, म्हणून मर्यादा हाताने ठरवा.

क्रायो-ईएमचे (गोठवलेले नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून काढलेले) मॅप ईएमडीबी या डेटा बँकेतून येतात आणि पाहायला सोपे असतात: पेटी सहसा घनाकार, कोन काटकोनी, स्फटिकाची सममिती नाही. तिथे थ्रीडीमॉड निर्धास्त वापरा. पण तो मॅप इलेक्ट्रॉन घनतेचा नसून विद्युत विभवाचा असतो. ॲस्पार्टेट आणि ग्लुटामेट या ऋणभारित अमिनो आम्लांची टोके फिकी किंवा गायब दिसतात, ते त्यामुळेही असू शकते. पातळी सिग्मात सांगण्यालाही तिथे फारसा अर्थ नसतो, कारण पेटीत रिकामी जागा किती ठेवली यावर सिग्मा ठरतो. नोंदीसोबत सुचवलेली पातळी घ्या. पेटीत मधोमध गोल सीमा आणि तिच्याबाहेर निव्वळ शून्य दिसले तर मास्क (बाहेरचा भाग शून्य करणारा मुखवटा) लावलेला आहे, त्याबाहेरचा गोंगाट तपासायला मास्क न लावलेले अर्धे मॅप (अर्ध्या-अर्ध्या डेटावरून काढलेले) उतरवा.

चित्र जपून ठेवताना त्याच्या खाली पाच गोष्टी लिहा: कुठला मॅप, कुठल्या दिशेने, कापाची सुरुवात आणि जाडी अँगस्ट्रॉममध्ये, बेरीज की सरासरी की अधिकतम, आणि पातळ्यांचा सिग्मा कापाचा की पूर्ण मॅपचा. मोजपट्टी चित्रातच काढा, ओळीत नको. चित्र लहानमोठे केले की ओळीतला आकडा खोटा ठरतो.